अळसाणे

निवृत्तीच्या आदल्या दिवशी कपाट रिकामं करताना
प्रात्यक्षिकाची पेटी सापडली.
लाकडी नमुना, पुरुषाचा, रंग उडालेला,
प्लॅस्टिकचं गर्भाशय, एक नळी तुटकी,
आणि तांबी,
जी पाहून पिएदाद पहिल्यांदा म्हणाली होती,
"सिस्टर, हो खुरीस कसो दिसता."
क्रुसासारखी दिसते म्हणून तिनं ती बसवून घेतली
आणि क्रुसासारखी दिसते म्हणूनच
दर रविवारी तिला वाटायचं, पाद्रींना ती दिसतेय.

पाद्री वाईट नव्हते.
लग्नाआधीच्या वर्गात ते फळ्यावर महिन्याचे दिवस मांडत,
हिरवे, तांबडे,
आणि मागच्या बाकावरचे मुलगे वहीत उतरवून घेत
केपे-मडगाव बसच्या वेळा उतरवाव्यात तसे.
जहाजावरचा नवरा वर्षातून दोनदा घरी येतो,
त्यानं कुठले दिवस मोजायचे,
हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

रुक्मा वेळीपच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात असत.
एके दिवशी सासूच्या हाताला लागल्या.
मला वाटलं, संपलं.
तर म्हातारी रोज भात चढवताना
एक गोळी मोजून सुनेच्या तळहातावर ठेवू लागली.
म्हणाली, "म्हाका आठ जालीं, कोणें विचारलें?"

आणि मार्च महिना.
तालुक्याच्या बैठकीत केसीस मागत, भाजी मागावी तशा.
शिबिरात बायका ओळीनं चटईवर,
मनगटावर जांभळ्या शाईचे आकडे.
दोघीतिघींना मी नीट सांगितलं नव्हतं
की हे परत उलटत नाही.
आकडा भरायचा होता.
हे कुठल्याच रजिस्टरात नाही, म्हणून इथे लिहिते.

माझ्या घरात ऑपरेशन माझंच झालं.
पंधरा मिनिटांचं काम त्यांचं होतं,
पण ते म्हणाले, मग काजूच्या मळ्यात ओझं कोण उचलणार?
टाके ओले असताना
बोंडांची पाटी मी उचलली.

गेल्या महिन्यात पंचायतीच्या हॉलमध्ये सभा.
एक जण म्हणाला, आमची संख्या घटतेय.
पलीकडच्या बाकावरचा, दुसऱ्या देवाचा,
उठून तेच म्हणाला, शब्द न बदलता.
हेडमास्तर म्हणाले, पहिलीत तीनच मुलं, शाळा बंद होणार.
मग सगळे माझ्याकडे वळले,
जणू बाकीची मुलं माझ्या पेटीत होती.
चाळीस पुरुष. बायका तीन,
त्यातली एक चहा देणारी.
मी चहा घेतला. साखर जास्त होती.

अठ्ठावीस वर्षांत स्वतःहून आलेला पुरुष एकच.
त्याचं नाव तेव्हा दिलं नाही, आताही देत नाही.
इगर्जीची संध्याकाळची घंटा वाजून गेल्यावर आला,
हॅट हातात, दारातच उभा.
म्हणाला, तिसऱ्या वेळी तिचं रक्त थांबत नव्हतं
आणि मी बाहेर बाकावर बसून होतो.
एवढंच.
मडगावला जाताना बसमध्ये आम्ही
वेगवेगळ्या बाकांवर बसलो, अनोळखी असल्यासारखे.
परतताना तो उभाच होता, दांडा धरून,
आणि दर खड्ड्याला डोळे मिटत होता.

तो अजून कॉयरात गातो, खालच्या पट्टीत.
रस्त्यात भेटला तर पावसापाण्याचं बोलतो.
पण दरवर्षी फेब्रुवारीत, कधीतरी सकाळी,
उपकेंद्राच्या पायरीवर वर्तमानपत्रात बांधलेली पुडी असते,
नव्या अळसाण्यांची.
चिठ्ठी नसते.

उद्या नवी सिस्टर येईल.
तिला किल्ल्या देईन, रजिस्टरं देईन,
पेटीतलं तुटकं काय ते दाखवीन.
पायरीवर पुडी दिसली तर कुणाची, ते सांगणार नाही.
फक्त एवढं सांगीन,
रात्रभर भिजत घाल, बाय,
घाईनं शिजत नाहीत ते.